ई-कॅडहेरिनची पट्टी गायब झाली तेव्हा

एमएस्सीच्या शेवटच्या सहामाहीत माझ्या वाट्याला आलेला प्रकल्प कागदावर अगदी सरळ होता. माणसाच्या दोन प्रकारच्या पेशींची तुलना करायची. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगातून वाढवलेल्या पेशी फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना लागून, बेटाबेटांनी वाढतात. एमडीए-एमबी-२३१ याही स्तनाच्या कर्करोगातल्याच, पण सुट्या, लांबुळक्या, कुणाशी देणंघेणं नसलेल्या. पहिल्यांमध्ये ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन भरपूर, दुसऱ्यांमध्ये जवळपास नाहीच. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार जेलमध्ये वेगळी करायची, मेम्ब्रेनवर उतरवायची आणि हवं ते अँटिबॉडीनं पट्टीच्या रूपात टिपायचं) हे दाखवायचं आणि मग कॅल्शियम काढून, परत घालून एमसीएफ-७ चे सांधे सुटताना आणि जुळताना टिपायचे. ब्लॉटसाठी मी वेळापत्रकात एक आठवडा धरला होता. सात गेले.

पहिल्या ब्लॉटवर दोन्ही लेन, म्हणजे दोन्ही नमुन्यांचे रकाने, कोऱ्या. एमडीएची कोरी असायलाच हवी होती. एमसीएफची का?

नवशिक्याचा पहिला संशय नेहमी अँटिबॉडीवर जातो, माझाही गेला. कुणीतरी ती बाहेर विसरलं असणार, असं मनाशी ठरवून मी नवीन कुपी उघडली. तरी कोरी. मग ट्रान्सफरवर आले. ई-कॅडहेरिन सुमारे १२० किलोडाल्टनचं, म्हणजे अंगानं मोठं. अशी प्रथिनं जेल सोडून मेम्ब्रेनवर जायला कुरकुर करतात. म्हणून शीतकक्षात रात्रभर ट्रान्सफर लावला. सकाळी पॉन्सो या सगळी प्रथिनं दाखवणाऱ्या लाल रंगानं मेम्ब्रेन रंगवला तर वरपासून खालपर्यंत लालभडक पट्ट्या, म्हणजे प्रथिनं व्यवस्थित आली होती. ४२ किलोडाल्टनला अ‍ॅक्टिन हे सगळ्याच पेशींत असणारं प्रथिन दोन्ही लेनमध्ये सारखं. इतकंच काय, ९२ ला बीटा-कॅटेनिनही एमसीएफमध्ये ठसठशीत. आणि बीटा-कॅटेनिन तर ई-कॅडहेरिनच्या आतल्या शेपटीला धरून बसतं. खुंटी नाही आणि खुंटीला टांगलेला सदरा मात्र आहे, असा प्रकार.

पेशी बदलल्या गेल्या असतील, हा शेवटचा संशय. फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कडेला कडा लावून बसलेली तीच बेटं. डोळ्यांना दिसतंय की या एकमेकींना घट्ट चिकटल्यात, आणि ब्लॉट सांगतोय की चिकटवणारं काही नाहीच. त्या दिवशी मी चक्क प्रकल्प बदलून मागायचा विचार केला होता.

प्रयोगशाळेत पीएचडी करणारी एक ताई होती. तिनं माझी वही उलटीपालटी केली आणि एकच प्रश्न विचारला.

"पेशी उचलल्यास कशा?"

"ट्रिप्सिननं. पाच मिनिटं, सदतीस अंशांवर. नेहमीसारख्या." (ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं कापणारं विकर; त्यानं पेशी तळापासून सुटतात.)

"कुठलं ट्रिप्सिन?"

"फ्रीजमधलं. आपलं."

ती उठून बाटली घेऊन आली आणि लेबलावर बोट ठेवलं. ट्रिप्सिन, आणि त्याच ओळीत पुढे ईडीटीए. रोज हातात घेतलेली बाटली. "१९७७ चा ताकेइचींचा पेपर वाच, मग बोलू," म्हणून ती आपल्या कामाला गेली. तेव्हा रागच आला होता. उत्तर ठाऊक आहे तर सांगून टाकायला काय होतं?

पेपरामागची गोष्ट मला पुढे कळली, पण इथेच सांगते. मासातोशी ताकेइची क्योटोला असताना पेशी सुट्या करायला जे ट्रिप्सिन वापरत, त्यात ईडीटीए नव्हतं. सुट्या केलेल्या पेशी थोड्या वेळात पुन्हा एकमेकींना चिकटायच्या. पुढे ते अमेरिकेत कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत गेले, तिथे तोच प्रयोग केला आणि पेशी चिकटेनात. फरक निघाला तो ट्रिप्सिनच्या द्रावणात. तिथल्या द्रावणात ईडीटीए होतं आणि ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं. कॅल्शियम असताना पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन ट्रिप्सिनला दाद देत नव्हतं. कॅल्शियम काढून घेतलं की त्याचा फडशा पडत होता. ते प्रथिन गेलं की चिकटणंही गेलं. याच प्रथिनाला १९८४ मध्ये 'कॅडहेरिन' हे नाव मिळालं. आणि १९८७ मध्ये ई-कॅडहेरिनचं जनुक एकमेकींना न चिकटणाऱ्या एल पेशींमध्ये घातल्यावर त्या चिकटू लागल्या, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

म्हणजे सात आठवडे मी ताकेइचींचाच अर्धा प्रयोग पुन:पुन्हा करत होते, तोही नकळत आणि त्यांच्यासारखा प्रश्न न विचारता.

असं का होतं, ते रेणूच्या बांधणीत आहे. ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग म्हणजे एकापुढे एक ओवलेले पाच तुकडे, प्रत्येक सुमारे ११० अमिनो आम्लांचा. दोन तुकड्यांच्या प्रत्येक जोडावर कॅल्शियमचे तीन आयन बसतात. चार जोड, म्हणून एका रेणूत बारा. हे बारा जागेवर असले की पाचही तुकडे मिळून किंचित वाकलेला ताठ दांडा होतो आणि ट्रिप्सिनला चावायला जागा मिळत नाही. ते निघाले की जोड लुळे पडतात आणि मधले नाजूक भाग उघडे पडतात. पेशीबाहेर कॅल्शियम साधारण १ मिलिमोलर असतं, त्यामुळे शरीरात हा दांडा ताठच राहतो. माझ्या बाटलीत मात्र दांडा लुळा करणारं आणि तो कापणारं, दोघंही एकत्र नांदत होते.

बीटा-कॅटेनिन का वाचलं, तेही आता सरळ होतं. ते पेशीच्या आत, आणि ट्रिप्सिन बाहेर. माझी अँटिबॉडी ई-कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागाला धरणारी होती. पेशी फोडून त्यांचा लायसेट करण्याआधीच मी तो भाग कापून, धुऊन, सिंकमध्ये ओतून दिला होता.

पुढचा ब्लॉट मी चार लेनचा केला. एकीत बर्फावर स्क्रेपरनं खरवडून काढलेल्या एमसीएफ-७. दुसरीत कॅल्शियम घातलेल्या, ईडीटीए नसलेल्या पातळ ट्रिप्सिननं उचललेल्या. तिसरीत माझ्या जुन्या बाटलीतल्या ट्रिप्सिननं उचललेल्या. चौथीत एमडीए. (कॅल्शियमवाल्या ट्रिप्सिननं पेशी तळापासून सुटतात पण एकमेकींना सोडत नाहीत, त्यामुळे नळीत चादरीचे फाटके तुकडे तरंगावेत तसं दिसतं. मला आधी वाटलं, हाही प्रयोग फसला.) पहिल्या दोन लेनमध्ये १२० ला जाड पट्टी आली, तिसरी आणि चौथी कोरी. मेम्ब्रेन धुऊन आतल्या शेपटीला धरणारी अँटिबॉडी लावली, तेव्हा तिसऱ्या लेनमध्ये बरीच खाली एक बुटकी पट्टी उमटली. ट्रिप्सिनच्या तावडीतून सुटलेला बुंधा. चौथी तरीही कोरीच. इतकी नीटस जेल मी त्याआधी कधी चालवली नव्हती.

१२० च्या जरा वर, १३५ च्या आसपास एक फिकी पट्टीही होती. मी ती कचरा समजून वहीत नोंदवली नव्हती. मॅडमनी विचारलं तेव्हा समजलं की ते ई-कॅडहेरिनचं कच्चं रूप. प्रथिन आधी ८८२ अमिनो आम्लांचं बनतं, त्याच्या टोकाला एक जादा तुकडा असतो आणि तो फ्युरिन नावाचं विकर कापतं. तो कापल्याशिवाय प्रथिन शेजारणीला धरूच शकत नाही, कारण धरणारी जागा नेमकी त्या कापलेल्या टोकाशीच आहे. तयार प्रथिनातलं दुसरं अमिनो आम्ल ट्रिप्टोफॅन. ते समोरच्या पेशीवरच्या कॅडहेरिनच्या खोबणीत शिरतं आणि समोरचीचं आपल्या खोबणीत. एकेक जोडी तशी कमजोरच. कड घट्ट होते ती अशा असंख्य जोड्या रांगेनं लागतात आणि आतून कॅटेनिनं त्यांना अ‍ॅक्टिनच्या दोरांशी बांधतात म्हणून.

कॅल्शियम काढण्या-घालण्याचा भाग त्या मानानं लवकर झाला, तरी तिथेही एकदा ठेच लागलीच. ई-कॅडहेरिन हिरवं दाखवणाऱ्या स्टेनिंगमध्ये पेशींच्या कडा तुटक दिसत होत्या आणि त्याही ज्यांना ईजीटीए हे कॅल्शियम पकडणारं रसायन लावलंच नव्हतं त्या कंट्रोलमध्ये! या वेळी अँटिबॉडीला दोष दिला नाही. थेट पीबीएसची, म्हणजे पेशी धुण्याच्या खारट द्रावणाची, बाटली पाहिली: कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित. फिक्स करण्याआधी, म्हणजे पेशी आहेत तशा पक्क्या करण्याआधी, त्यात प्लेट धुऊन मी फॉर्मल्डिहाइड बनवायला गेले होते आणि प्लेट अर्धा तास तशीच पडली होती. कॅल्शियमवालं पीबीएस घेतलं आणि फिक्सेटिव्ह आधी बनवून ठेवलं, कडा अखंड आल्या.

मग खरा प्रयोग. ४ मिलिमोलर ईजीटीए घातल्यावर काही मिनिटांतच बेटांमध्ये चिरा दिसू लागल्या, मग पेशी गोल होऊन अलग झाल्या आणि कडेचं ई-कॅडहेरिन आत ठिपक्यांत गोळा झालं. साधं मीडियम परत दिलं, त्यात १.८ मिलिमोलर कॅल्शियम. पंधराव्या मिनिटाच्या चित्रात दोन पेशींनी एकमेकींकडे बारीक बोटं काढलेली आणि जिथे बोट टेकलं तिथे हिरवा ठिपका. तासाभरानंतर ठिपके ओळीत आले, दोन तासांनी त्यांची रेघ झाली. त्या पंधराव्या मिनिटाच्या चित्रासाठी मी बऱ्याच कव्हरस्लिप वाया घालवल्या, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी शीर्षकावर बोट ठेवलं. "मानवी ई-कॅडहेरिन असं का लिहिलंय? उंदराचं चाललं नसतं?" सांध्यांपुरतं चाललं असतं, मी म्हणाले, पण सगळीकडे नाही, लिस्टेरिया हा जीवाणू आतड्याच्या पेशीत शिरताना माणसाचं ई-कॅडहेरिन धरतो, उंदराचं धरत नाही, कारण सोळाव्या जागी माणसात प्रोलीन आहे आणि उंदरात ग्लुटामिक आम्ल. सर खूश झाले. मग त्यांनी चार लेनच्या ब्लॉटचं पान उघडलं, तिसऱ्या लेनकडे पाहिलं आणि खाली लिहिलेलं न वाचताच विचारलं, "ही लेन किती आठवडे खाऊन गेली?"

"सात," मी म्हणाले.

"माझे चार गेले होते," म्हणून त्यांनी पान उलटलं.