हंड्यावरचा एम-सीलचा ठिपका

रात्रीचे साडेअकरा झालेत, आत्ता ठाण्यात नौपाड्यात घरी पोचले, बॅग अजून दारातच पडलीये पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

दुपारी दिवा भागात गेलेले, टीव्हीसाठी पाण्याची स्टोरी करायला. बारवी धरणाचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन कळवा, मुंब्रा, दिव्याकडे येतं, दुरुस्तीसाठी 24 तासांचा शटडाऊन घेतला की नंतरही प्रेशर यायला वेळ लागतो, हे आता पाठ झालंय मला. चाळीच्या बोळात शिरून बूम माईक पुढे केला तर एक मावशी हंडा खाली ठेवत बोलल्या, "मागच्या उन्हाळ्यात पण तूच आलेलीस ना गं? हाच हंडा दाखवलेलास टीव्हीवर. मग पुढे काय झालं?"

हंड्याच्या बुडाशी एम-सीलचा ठिपका होता. तोच. क्लोजअप मीच घ्यायला लावलेला कॅमेरामन दादांना. मी खरं तेच सांगितलं, मावशी, मी परत आलेच नाही. त्या एवढंच बोलल्या, आता आलीस ना, बस, चहा घे. पाण्याची बोंब असलेल्या घरातला चहा घशाखाली उतरेना.

2007 पासून करतेय हे काम. सुरुवातीला केबलवरच्या लोकल बातम्या, मग स्ट्रिंगर, म्हणजे पगार नसलेली, बातमीमागे पैसे मिळणारी वार्ताहर. तेव्हा मिनी-डीव्ही टेप पर्समध्ये टाकून ठाण्याहून दादरला लोकलने पोचवायला पळायचे, बुलेटिन चुकलं की दिवसभराची मेहनत गेली. नंतर डोंगल आले, मग थेट प्रक्षेपणाचं लाईव्ह युनिट, आता तर मोबाईलवरून फीड जाते. पाठवणं सोपं झालं. पण स्ट्रिंगरला पैसे स्टोरीमागे, ते पण स्टोरी लागली तर, आणि फॉलोअप सहसा लागत नाही, मग स्वतःचं पेट्रोल जाळून परत कोण जाणार.

4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळच्या शीळची बिल्डिंग पडली तेव्हाही हेच झालेलं. सात मजली, वर काम चालूच होतं आणि खाली कुटुंबं राहायला आलेली, 74 जण गेले. चॅनलांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनची रांग लागलेली, मी दोन दिवस तिथेच, केसांत सिमेंटची धूळ, सारखे फोनो, म्हणजे फोनवरून बुलेटिनमध्ये बोलणं. महिन्याभराने स्वतःहून गेले, जे वाचले ते कुठे राहतायत बघायला, शूट केलं, दोन बाईट घेतले. मी जिथे होते तिथल्या डेस्कने, म्हणजे बातम्या निवडणाऱ्या संपादकांनी, विचारलं, आता यात नवीन काय? ती स्टोरी लागलीच नाही. त्यानंतर मी पण विचारायचं सोडलं, आणि ही चूक माझी आहे, डेस्कची नाही.

कारण मोठ्या चॅनलची टीम मुंबईहून येते नि जाते, मी इथलीच आहे. जांभळी नाक्यावर भाजी घेताना, तलावपाळीला आईला फिरवताना लोक ओळखतात, थांबवतात, त्यांच्या गल्लीचं सांगतात. त्यांना वाटतं हिने दाखवलं म्हणजे काहीतरी होईल. मला पण पहिल्या वर्षी तसंच वाटायचं, अजूनही वाटतं, म्हणून तर सोडलं नाही.

आज रात्री मागचं फुटेज शोधून काढलं. हंड्याचे दोन्ही वेळचे शॉट शेजारी शेजारी लावून बातमीचं पॅकेज कापलंय, तारखांसकट. डेस्कला आवडो न आवडो.

आणि पंधरा दिवसांनी परत जायचंय. नळाची वेळ मावशींनी सांगितलीये, पहाटे साडेचार. कॅमेरामन दादा बोलले, मी येतो, स्कूटर मी चालवतो.