आंबोली, पाऊस नसताना

पुण्याहून गोव्याला एका दमात जायचं नाही, हे या वेळी पक्कं होतं. मागच्या खेपेला रात्री अकराला पणजीत पोचलो आणि पहिला दिवस सगळ्यांनी झोपून काढला. म्हणून डिसेंबरात आंबोलीला एक मुक्काम ठरवला. झाले दोन.

संकेश्वरला हायवे सोडून गडहिंग्लज, आजरा असे गेलो. टाकी आजऱ्यातच भरली, घनसाळ तांदूळही तिथेच घेतला. आजऱ्यापुढे झाडी दाट होते आणि गाडीचा एसी आपोआप बंद होतो.

तंबू एका घरगुती मुक्कामाच्या आवारात लावला. जंगलात कुठेही तंबू ठोकू नका. ती वनखात्याची जमीन आहे आणि गवे रात्री मोकळे फिरतात. आवारात लावला की संडास, पाणी आणि रात्रीची गरम भाकरी, तिन्ही मिळतं. पैसे रोख ठेवा, माझं नेटवर्क सारखं जात होतं.

तंबूची मात्र फजिती झाली. पहिली खुंटी वाकली. दुसरी वाकली. तिसऱ्या वेळी मी हातोडा बदलला, जणू चूक हातोड्याची होती. घरच्या काकू ओट्यावरून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘अवो, हो सडो. हयसर खुटी जावची नाय. धोंडे लावा.’’ सडा म्हणजे वर चार बोटं माती, खाली सगळा जांभा. मग चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या धोंड्यांना गुंडाळल्या. तुम्ही जाणार असाल तर चार-पाच मीटर जादा दोरी घ्या, लोखंडी खुंट्यांचं ओझं घरीच ठेवा.

सकाळी हिरण्यकेशी नदीच्या उगमाला गेलो. गाडी लावून झाडीतून थोडं चालायचं, मग देऊळ आणि गुहेतून येणारं पाणी. इथल्या कुंडातल्या एका चिमुकल्या माशाचं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने २०२० साली शास्त्रीय वर्णन झालं आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. मासा बोटभरसुद्धा नाही. कुंडात पाय बुडवायचे नाहीत, बिस्किटं टाकायची नाहीत. काठावर गुडघे टेकून गप्प बसलात तर तळाशी काहीतरी सुळकन सरकलेलं दिसतं. चिरंजीवांना तीनदा दिसलं, मला एकदा, तेही बहुतेक पान असावं. गंमत म्हणजे हे पाणी समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवतं. गडहिंग्लजवरून घटप्रभेला, तिथून कृष्णेला आणि थेट बंगालच्या उपसागराला.

दुपारी काही केलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण आंबोलीत सात पॉइंट एका दिवसात उरकणारे खूप भेटले. आम्ही कुळथाची पिठी-भात खाऊन पडलो. चारनंतर महादेवगडाच्या रस्त्याने पायी निघालो. रस्ता गाडीचा आहे, पण चालण्यातच मजा. गाडीतून शेकरूचं घरटं दिसत नाही, चालताना मान वर गेली की दिसतं. मोठा पानांचा गोळा, फांदीच्या टोकाला. शेकरू काही आलं नाही.

परतताना अंधार पडायच्या आत या. आम्हाला जरा उशीर झाला आणि वळणावर गवा उभा. आधी मला ती पाण्याची काळी टाकीच वाटली, मग खालचे पांढरे मोजे दिसले. थांबलो, बॅटरी खाली केली, बोललो नाही. पाचेक मिनिटांनी तो आपल्या मर्जीने उतारावर गेला. त्यानंतर कॅम्पपर्यंत कुणीच काही बोललं नाही. गाडीत असलात तरी हॉर्न आणि अप्पर लाइट नको.

कावळेसादला दुसऱ्या दिवशी गेलो. पावसाळ्यात उलटा उडणारा धबधबा आत्ता नसतो, पण दरी स्वच्छ दिसते आणि कणीस खाताना कुणाचा धक्का लागत नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या या गावाला लोक जुलैतच येतात; बेडूक आणि साप बघायचे तर तेव्हाच यावं हे खरं. तंबूत राहून चालायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

थंडीपेक्षा दव जास्त छळतं. बाहेर ठेवलेले बूट सकाळी पिळून काढावे लागले. बूट तंबूत घ्या, घालण्याआधी झटका, आणि तंबू वाळायची वाट बघू नका. आम्ही दहापर्यंत वाट बघितली, शेवटी ओलाच गुंडाळून सावंतवाडीकडे घाट उतरलो. तो गोव्यात बाल्कनीच्या कठड्यावर वाळला. घडीतून जांभ्याचा लाल चिखल निघाला, तो हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलला लागला.