गोधडीतला पानशेतचा पूर

"हे बघ, हे आईचं लुगडं, पानशेतच्या पुरातनं वाचलेलं," आत्याने गोधडीतल्या एका विटक्या हिरव्या ठिगळावर बोट ठेवलं.

त्याची एक कड अजून तपकिरी आहे, गाळाचा डाग, कितीही धुतलं तरी गेला नाही म्हणे. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं तेव्हा आजी नारायण पेठेत राहायची, नेसत्या लुगड्यानिशी लेकरं घेऊन बाहेर पडली आणि हे नंतर चिखलात सापडलं. फोटोबिटो सगळे गेले वाहून.

मग मी मोबाईल काढला, कॅमेरा फक्त तिच्या बोटांवर, आणि ती एकेका तुकड्यावर हात फिरवत बोलत गेली, कुणाचं डोहाळजेवणाचं पातळ, कुणाचा शाळेचा शर्ट, कोण कुणाशी का बोलेना झालं तेसुद्धा! फॅमिली ग्रुपवर टाकलं तर अमेरिकेतली भाची विचारतेय, पुढचं ठिगळ कुणाचं?

मुलाखत घ्यायला बसलो असतो तर आत्या "आमचं काय सांगण्यासारखं" म्हणून उठून गेली असती. हातात वस्तू आली आणि बोलती झाली.

तुमच्या घरात आहे का असं काही, आणि त्याबद्दल सांगणारं माणूस?