१९६६ची बीटल: सात दाते वर, सात दाते खाली

मालकांची मागणी एका दमात सांगून झाली: गाडी पुढून-मागून अडीच इंच खाली बसलेली दिसली पाहिजे, आणि गाडीचा एकही मूळ भाग कापायचा नाही. गाडी १९६६ची फोक्सवॅगन बीटल १३००. मूळ रंग, मडगार्डखालची मूळ बीडिंग, पाच बोल्टची मूळ चाकं. अशा गाडीवर ग्राइंडर चालवायला माझाही हात धजावत नाही, त्यामुळे दुसरी अट मला पहिलीपेक्षा जास्त आवडली. पहिलीतली मागची अडीच इंचाची गोष्ट मात्र मी मान्य केली नाही.

या मॉडेलला मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे. चाक वरखाली होताना गिअरबॉक्सजवळच्या सांध्याभोवती अख्खी अ‍ॅक्सल ट्यूब फिरते, आणि चाक ट्यूबला काटकोनात घट्ट असल्यामुळे तेही तेवढंच कलतं. सांध्यापासून चाकापर्यंतचं अंतर साधारण ५४ सेंटीमीटर धरलं, तर गाडी १० मिलिमीटर खाली आली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्यातला कल, सुमारे १ अंशाने उणे होतो (चाकाचा माथा आत झुकला की उणे, बाहेर झुकला की अधिक). आमच्या गाडीचा मागचा कॅम्बर रिकाम्या अवस्थेत अधिक २ अंश भरला. अडीच इंच, म्हणजे ६४ मिलिमीटर खाली घेतली असती तर तो उणे ४ च्या पलीकडे गेला असता. वर मागच्या सीटवर दोन माणसं बसली की आणखी कलला असता, आणि टायर आतल्या कडेवर झिजून संपला असता. मी मागे ४० मिलिमीटर सुचवलं. अधिक २ चे उणे २ होतात आणि वळणावर चाक पोटाखाली दुमडण्याची या अ‍ॅक्सलची जुनी खोडही कमी होते. हे आकडे कागदावर मांडून दाखवल्यावर मालक तयार झाले.

मागे नवा पार्ट एकही लागत नाही. टॉर्शन बार म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी आडवी सळई. तिच्या आतल्या टोकाला ४० दाते आहेत, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरचा एक म्हणजे ८ अंश ११ मिनिटं. बार आत एक दाता वर फिरवला आणि त्यावरची स्प्रिंग प्लेट (बारला चाकाकडच्या टोकाशी जोडणारी पट्टी) एक दाता खाली घेतली, की निव्वळ फरक ४९ मिनिटांचा पडतो. प्लेटची लांबी ४० सेंटीमीटर धरली तर हा फरक ५.७ मिलिमीटर होतो. अशा सात पायऱ्या घेतल्या की ६३ उणे ५७ अंश १६ मिनिटं, म्हणजे ५ अंश ४४ मिनिटं. ४० मिलिमीटर बरोबर मिळतात. नुसता बाहेरचा एक दाता सरकवला तर ५७ मिलिमीटर एका झटक्यात जातात. ‘एक दाता मारून टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण स्विंग अ‍ॅक्सलला तो जास्तच होतो.

मापं गाडी उचलण्याआधी घेतली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून घेतली तर टायरमधल्या हवेचा फरक मापात शिरतो. मग स्प्रिंग प्लेट आणि अ‍ॅक्सल जिथे जुळतात तिथे छिन्नीने एक बारीक खूण. ही खूण नसेल तर परत जोडताना टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती वळलेलं आहे ते, कुठे होता याचा पत्ता लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मडगार्डच्या पुढच्या खालच्या बोल्टवर. बार बाहेर सरकायला जागा हवी म्हणून तिथलं मडगार्ड थोडं सैल करावं लागतं. बोल्टचा नट बॉडीच्या आत पिंजऱ्यात बसलेला असतो, आणि गंजामुळे पिंजराच फिरायला लागला की कापण्याशिवाय गत्यंतर नाही. मूळ रंगामुळे गॅसची आच देता येत नव्हती. आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल तीन-चारदा मारून ठेवलं होतं. पाना लावल्यावर बोल्ट आधी किंचित आवळला, ‘टक’ झालं, मग पाव फेरा उलटा, पुन्हा आवळा, पुन्हा उलटा. रंगावर कापडी टेप होताच. दोन्ही बाजू अशाच सुटल्या.

पुढचं काम जपून करायचं. टॉर्शन हाउसिंगखाली (ज्या नळीत बार बसतो तिच्याखाली) स्टँड, चाक काढलं, हँडब्रेकची केबल ढिली केली, शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, अ‍ॅक्सलचे तीन बोल्ट सोडून अ‍ॅक्सल मागे ओढून आधारावर ठेवला. अ‍ॅक्सल लोंबकळू द्यायचा नाही. ब्रेकचा होज ताणला जातो आणि गिअरबॉक्सजवळचं जुनं रबरी बूट फाटतं. आता प्लेट हाउसिंगच्या ओठावर टेकलेली असते, पण बारमध्ये पीळ भरलेलाच असतो. ती ओठावरून सुटताना समोर हात किंवा पाय असेल तर हाड मोडेल. प्लेटला साखळी बांधली, खाली जॅक लावला, कव्हरचे चार बोल्ट काढले, मग प्लेट बाहेर सरकवून जॅक हळूहळू खाली सोडला. मोकळ्या प्लेटचा कोन बॉडीच्या उंबऱ्याच्या संदर्भाने मोजून लिहिला. बार आतल्या दात्यांतून सुटेल एवढाच बाहेर ओढला, सात दाते वर फिरवला, प्लेट त्यावर सात दाते खाली. कोनमापक पुन्हा लावला. ५ अंश ४४ मिनिटांच्या आसपास फरक आला तरच पुढे जायचं. एक दाता चुकला तर तो इथेच दिसतो.

दोन्ही बार अदलाबदल करायचे नाहीत. ते एकाच दिशेच्या पिळासाठी तयार केलेले असतात आणि टोकावर डाव्या-उजव्याची खूण असते. उजव्या बारचा रंग नखाएवढा उडाला होता. तिथे बारीक पॉलिश पेपर बारच्या लांबीच्या दिशेने फिरवला आणि रंग लावला. आडवा ओरखडा राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो.

दात्यांना ग्रीस, रबर बुशला मात्र फ्रेंच चॉक. खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगतं. कव्हर बसवताना रबर दाबलं जातं आणि मूळ बोल्ट पोचत नाहीत, म्हणून समोरासमोर दोन लांब बोल्ट लावून कव्हर समान ओढून घेतलं, मग एकेक बदलला. प्लेट ओठावर चढवताना गाडीच वर उचलली जाते. साखळीने प्लेट आणि हाउसिंग एकत्र जखडलं की जॅकचा जोर प्लेटवर येतो.

पुढच्या बाजूला बीम (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या दोन आडव्या नळ्या) कापून अ‍ॅडजस्टर वेल्ड करण्याची पद्धत प्रचलित आहे. मूळ गाडीला ती करू नये. शिवाय तिने आर्मचा कोन बदलतो आणि जास्त खाली घेतलं तर बॉल जॉइंट अडकतात. आम्ही ६४ मिलिमीटरचे ड्रॉप स्पिंडल बसवले. स्पिंडल म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं तो खुंट. आर्म, बॉल जॉइंट, शॉकअप सगळे मूळ कोनात राहतात, फक्त चाकाची धुरी वर सरकते. वरच्या बॉल जॉइंटवरच्या विकेंद्री बुशची जागा काढण्याआधी खुणेने नोंदवली, कारण कॅम्बर तिथूनच ठरतो. डाव्या स्पिंडलचे आटे उलटे असतात, आणि त्यातूनच स्पीडोमीटरची केबल जाते. नव्या स्पिंडलला ते भोक आहे ना, हे खोक्यातून काढतानाच बघून घ्यायचं. बेअरिंगची ढील डायल गेजवर ०.०३ ते ०.१२ मिलिमीटरच्या आत ठेवली.

या स्पिंडलने चाकं प्रत्येकी सुमारे १० मिलिमीटर बाहेर येतात. म्हणून पुढे १४५चे टायर घातले आणि सस्पेन्शन दाबून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. मडगार्डला कुठे घासत नाही.

पुढे ६४, मागे ४०, म्हणजे नाक २४ मिलिमीटर जास्त खाली. २४०० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर हा ३४ मिनिटांचा कल होतो, आणि तेवढा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कल, कमी होतो. मूळ ३ अंश २० मिनिटांतून २ अंश ४६ उरतात. मर्यादा १ अंश कमी-जास्त असल्याने शिम (कोन सुधारायची पातळ पट्टी) लागली नाही. फक्त पुढूनच खाली घेतली असती तर कॅस्टर १ अंश ४८ वर आला असता आणि गाडी वेगात भरकटली असती; तेव्हा खालच्या बीम ट्यूबमागे शिम घालाव्याच लागतात.

गाडी जमिनीवर उतरवल्यावर लगेच माप घेण्यात अर्थ नसतो. स्विंग अ‍ॅक्सलची चाकं आत दुमडलेली राहतात. ती दहा-पंधरा फूट मागेपुढे ढकलल्यावरच बसतात. तशी ढकलून मोजली तेव्हा डावी-उजवीत २ मिलिमीटरचा फरक निघाला. तो तसाच ठेवला, कारण सगळ्यात लहान पायरीच ५.७ची आहे. प्लेट आडवी होताना अ‍ॅक्सलचं टोक जरा मागे जातं आणि चाक टो-आउट होतं, म्हणजे पुढच्या कडेने बाहेर वळतं, म्हणून तीन बोल्टच्या लांबट भोकांत अ‍ॅक्सल छिन्नीच्या खुणेच्या थोडा पुढे सरकवून टो पुन्हा लावला. पुढचा टो टाय रॉडवर, आणि नाक खाली गेल्याने हेडलाइटचे झोतही नव्याने जुळवले.

काढलेले मूळ स्पिंडल तेलाचा हात फिरवून, डावं-उजवं लिहून मालकांच्या हवाली केले. सोबत कागदावर प्लेटचे जुने कोन आणि ‘आत ७ खाली, बाहेर ७ वर’ एवढी सूचना. पाचशे किलोमीटरनंतर रबर बसलं की मागचा टो आणि उंची पुन्हा तपासायला गाडी आणायची आहे.