ज्वारीची भाकरी, नोंद ७: कडा चिरण्याचं मूळ सापडलं

ज्या पिठाने आधीचे दोन रविवार रडवलं, त्याच पिठाच्या या रविवारी आठपैकी आठ भाकरी टम्म फुगल्या. पीठ तेच, बिडाचा तवा तोच, पाणीही तेवढंच. बदललं ते फक्त मळायचं वेळापत्रक.

नोंद ६ मधली अडचण आठवत असेल. घरातले सगळे मिळून भाकरी करायला बसले की पहिल्या दोन-तीन झकास होतात, चौथीपासून कडा चिरायला लागतात आणि सातवी तर परातीतून उचलतानाच तुटते. एकट्याने तीन-चार भाकरी केल्या तर मात्र काहीच बिघडत नाही. खरी खूण इथेच होती, पण शोध सुरू झाला पिठापासून.

पिठावर संशय येणं साहजिक आहे. ज्वारीत ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला चिवट करणारं प्रथिन) नाही, त्यामुळे उंड्याला, म्हणजे मळलेल्या गोळ्याला, धरून ठेवते ती पिठाची विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा. विरी गेली की कितीही मळा, कडा चिरणारच. आपली ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी आहे. काळ्या भारी जमिनीतल्या या रब्बी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा टपोरा, मोत्यासारखा, म्हणजे माल चांगलाच. तरी दळणात घोळ होऊ शकतो म्हणून दोन दळणं करून पाहिली. पहिलं गिरणीत गव्हावर दळलं गेलं आणि त्याने चाचणीच फसवली, कारण थोडा गहू मिसळला तरी उंडा चिवट वाटतो. (ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांच्यासाठी असं पीठ धोक्याचंच. ज्वारीवर ज्वारी दळून घ्या, आधीचं किलोभर पीठ बाजूला काढायला सांगा, आणि तेवढ्यानेही गव्हाचा अंश जाईलच असं धरू नका. अशांसाठी घरची वेगळी चक्कीच बरी.) दुसरं दळण चोख मिळालं. पीठ हाताला गरम लागत होतं, म्हणून डब्यात भरण्याआधी कागदावर पसरून पूर्ण गार केलं. गरम पीठ झाकलं की डब्याला आतून घाम सुटतो आणि पिठाला कुबट वास येतो.

विरी तपासायची सोपी रीत: २० ग्रॅम पीठ, २० मिली कोमट पाणी, मिनिटभर मळून करंगळीएवढी वळी करायची आणि बोटाभोवती वाकवायची. ताज्या पिठाची वळी वाकते, वर बारीक रेघा उमटतात इतकंच. जुन्या पिठाची वळी मधोमध तुटते. आपलं पीठ यात पास झालं. म्हणजे दोष पिठाचा नव्हता.

मग पाणी. मोजून केलं: ५०० ग्रॅम पिठातलं ३०० ग्रॅम परातीत घेऊन मध्ये आळं केलं, त्यात ३३० मिली उकळतं आधण ओतलं, उलथन्याने कालवून दहा मिनिटं झाकलं. मग उरलेलं २०० ग्रॅम पीठ घालून कोमट पाण्याच्या हाताने मळलं. त्याला साधारण १६० मिली लागलं. एकूण हिशेब पिठाच्या वजनाइतकंच पाणी, किंवा पाच-दहा मिली कमी. आधणामुळे पिठातला थोडा स्टार्च शिजतो आणि तोच गोंदासारखं काम करतो. साधारण ७० अंशांच्या खाली तो नीट फुलत नाही, म्हणून 'गरम पाणी' म्हणजे बुडबुडे फुटणारं आधणच हवं, गीझरचं पाणी चालत नाही. हे सगळं काटेकोर पाळूनही चौथीपासून कडा चिरल्या. दोष पाण्याचाही नव्हता.

तव्यावर फार वेळ घालवला नाही. थेंब टाकला की तो नाचत पळतो, इतपत तवा तापलेला होता, आणि चिर तव्यावर पडण्याआधी परातीतच दिसत होती.

उरली माणसं. घरात हात भरपूर, म्हणून सोय अशी लावली होती: एकाने सगळं पीठ एकदम मळून आठ उंडे करायचे, मुलांनी ते वजन करून ताटात मांडायचे, एकाने थापायचं, एकाने भाजायचं. दिसायला चोख. पण तव्यावर एका भाकरीला तीन मिनिटं लागतात. म्हणजे आठव्या उंड्याची पाळी येईपर्यंत त्याला मळून वीस मिनिटांच्या वर झालेली असतात. तेवढ्यात दोन गोष्टी होतात. वरचा थर सुकतो, आणि शिजलेला स्टार्च गार होता होता पुन्हा घट्ट होतो. गार भाकरी कडक होते त्याचं कारणही हेच. ओल्या फडक्याखाली ठेवल्याने पहिली गोष्ट थांबते, दुसरी थांबत नाही. म्हणूनच फडक्याचा उपाय अर्धवट लागू पडत होता आणि आणखी गोंधळ वाढवत होता.

खात्री एका उंड्याने दिली. सातवा नेहमीसारखा थापला, तर तळहाताएवढा झाला नाही तोच काठाला नखभर खोल पाच-सहा चिरा. आठवा तसाच थांबलेला होता. तो परातीत मोडला, हात दोनदा पाण्यात बुडवून तळहाताच्या टाचेने पुढे रेटत दीड मिनिट मळला. खरखरीत भुरकट गोळ्याचा रंग गडद झाला, पोत लोण्यासारखा मऊ, आणि परातीवर तो पुसल्यासारखा सरकायला लागला. थापून २३ सेंटिमीटर झाला तरी काठ गोल, एक चीर नाही. आणि फुगला.

आता रीत अशी. झाकलेली उकड (आधणात कालवलेलं पीठ) एकत्र ठेवायची, पण मळायची एका भाकरीपुरतीच. पहिली भाकरी तव्यावर पडली की दुसरा उंडा मळायला घ्यायचा: दोन मिनिटं मळणं, एक मिनिट थापणं, की तवा रिकामा. मळणारा आणि थापणारा एकच माणूस हवा, मध्ये उंडा थांबताच कामा नये. मुलांकडे उकडीचं वजन आणि पिठी पसरणं. जुन्या बायका एकेका भाकरीपुरतंच पीठ भिजवायच्या, त्यामागचं कारण आता हाताला कळलं.

फुगण्याबद्दल दोन शब्द, कारण मागे काहींनी विचारलं होतं. थापताना पिठीकडची बाजू तव्यावर वर येते, तिच्यावर लगेच पाणी फिरवायचं, कोरड्या पिठीचा एकही ठिपका राहू द्यायचा नाही. पाण्याची चमक गेली पण रंग अजून ओलसर गडद आहे, तेव्हाच उलटायचं. आपल्या आचेवर हे २५-३० सेकंदांत होतं. उशीर झाला की वरचा थर फाटतो, मग वाफ तिथून निसटते. दुसरी बाजू दीड मिनिट, तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग तवा उतरवून पहिली बाजू थेट आचेवर. काठातून बारीक सुसू आवाज आला तर तिथे भोक आहे. बहुतेक वेळा ते थापताना बोटाच्या टोकाने पडलेलं असतं. मधे तळहात, काठाला बोटांची पेरं, नखं मुळीच नाहीत. परदेशात इंडक्शनवर करणाऱ्यांना आच नाही, त्यांनी तव्यावरच उलटून कोरड्या फडक्याने काठ हलके दाबत फिरवावं. पापुद्रा सुटतो, टम्म फुगण्याची हमी नाही.

तव्याबद्दल मत ठाम झालंय: चार मिलिमीटरचा बिडाचा. पातळ पत्र्याचा तवा पाणी फिरवताच गार पडतो, आणि नॉनस्टिक इतक्या कोरड्या आचेसाठी बनलेलाच नाही.

पुढच्या रविवारी मातीचा तवा आजमावायचा बेत होता. पण हे लिहिताना वेगळंच सुचलं. खानदेशात कळण्याची भाकरी करतात, ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. उडदाचा चिकटपणा थांबलेल्या उंड्यालाही तारेल का? तारला, तर मोठ्या पंगतीला उंडे आधी करून ठेवता येतील. मातीचा तवा थांबू शकतो. उद्या एक किलो मालदांडी, पाव किलो अख्खे उडीद आणि दोन चमचे खडेमीठ दळायला जाईल, दळण थोडं भरड. मळून ० मिनिटं, १० मिनिटं आणि २० मिनिटं थांबलेले तीन उंडे एकाच आचेवर, काठाच्या चिरा मोजून. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चं शेंगदाण्याचं तेल.