चालीचं नाव

उत्सवाची पत्रिका हातात आल्यापासून काहीतरी डाचतंय. लिहून बघतो, म्हणजे कळेल काय ते.

महाप्रसादाचे यजमान छापलेत. मंडपवाले छापलेत, तेही ठळक अक्षरांत. उद्या रात्रीची नाट्यपदं आहेत, समोर गायकांची नावं आहेत. पहिलंच पद 'मर्मबंधातली ठेव ही', सुमाताई. चाल कुणाची, ते एकाही पदापुढे नाही.

एवढंच. आरत्यांच्या गडबडीत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसेल. अण्णा असते तर त्यांनी छापायच्या आधीच... जाऊ दे.

'मर्मबंधातली'ची चाल रामकृष्णबुवा वझ्यांची. बुवा आपल्या सावंतवाडी मुलखातले, जन्म १८७१चा. गाण्यासाठी पार ग्वाल्हेर गाठलं त्यांनी. हे पद ज्यातलं, ते सावरकरांचं नाटक 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. म्हणजे शब्द रत्नागिरीतून, चाल सावंतवाडीच्या माणसाची आणि गळा मंगेशीच्या दीनानाथांचा. अख्खी किनारपट्टी त्या एका पदात आहे, आणि आपण म्हणताना म्हणतो काय, तर 'दीनानाथांचं पद'. 'शतजन्म शोधिताना'सुद्धा त्यांचंच. 'परवशता पाश दैवे'सुद्धा त्यांचंच. बुवा कुठे गेले?

दीनानाथांवर रोष नाही. तो गळा नसता तर बुवांनी चाली तशा बांधल्याच नसत्या. झटकन वरच्या सुरावर उडी, तिथून तानेचा सपाटा आणि पुन्हा मुखड्यावर अचूक येणं, हे समोर कोण गाणार ते माहीत असल्याशिवाय सुचत नाही. पण सुचलं ते बुवांना, हे कुठेतरी लिहायला नको?

जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि चाल छापलेली असायची. किर्लोस्करांच्या काळात चाली बहुतेक दुसरीकडून उचललेल्या. साकी, दिंडी, कानडी पदं, काय मिळेल ते. तरी उसनवारी प्रामाणिकपणे नोंदवत. मग १९११ला 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा आणला. पाच वर्षांनी 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाची बैठक दिली. 'नाथ हा माझा' ऐकल्यावर यमन राग वेगळा शिकवावा लागत नाही. दोन्ही नाटकं खाडिलकरांची, दोन्हींत गायला बालगंधर्व, आणि तरी पदं ऐकताना माणूस बदललाय हे लगेच कळतं. तो बदललेला माणूस चालकार.

आणि अभिषेकीबुवांचं काय सांगायचं! 'कट्यार काळजात घुसली' नाटकात 'घेई छंद मकरंद'चे शब्द तेच, चाली दोन. नाटकातल्या पंडितजींची धानी रागातली, पाचच सुरांत शांतपणे फिरणारी. त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब, त्यांची सालगवराळी रागातली, अंगावर येणारी. दोन घराण्यांचं भांडण दाखवायला संवादाची गरजच उरली नाही. आता पत्रिकेत तिसऱ्या नंबरावर लिहिलंय 'घेई छंद'. कुठला? छापणाऱ्याला प्रश्न पडलाच नाही. साथ करणाऱ्याला पडतो. एकाची सुरावट दुसऱ्याच्या मुखड्याला लावून चालत नाही.

आता खरं काय ते लिहूनच टाकतो. शेवटच्या ओळीत 'साथसंगत : स्थानिक कलावंत' असं आहे. पेटी नाही, तबला नाही, नाव तर नाहीच. म्हणजे बुवांच्या नावानं जो गळा काढलाय, त्यात थोडा आपलाही सूर मिसळलाय. टेंबेही पेटीवालेच होते, एवढ्या धाग्यावर त्यांच्याशी नातं सांगून झालं मनातल्या मनात. हसू आलं. मंडपवाल्याचं नाव ठळक आहे ते बरोबरच आहे म्हणा. कार्तिकात अवेळी पाऊस आला तर तो मंडप वाचवेल, यमन नव्हे.

आणि खरं तर चाल इतकी लोकांच्या तोंडी बसली की बांधणाऱ्याचं नाव गळतंच. शिमग्यातली गाणी कुणाची, विचारतो का कुणी?

तरी निवेदकाला सकाळी चिठ्ठी देणार. पदापुढे एकच ओळ वाढवायची आहे, श्वासभर सुद्धा लागणार नाही.

त्याहून महत्त्वाचं काम पेटीचं आहे. 'मर्मबंधातली' पटदीप रागात. भीमपलास आणि पटदीप यांत फरक एका निषादाचा, म्हणजे 'नी'चा; पहिल्यात कोमल, दुसऱ्यात शुद्ध. बाकी आरोहात रे-ध वगळणं, कोमल गंधार, सगळं सारखं. सुमाताईंची पट्टी काळी पाच, म्हणजे त्यांचा 'सा' पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर, तेव्हा शुद्ध निषाद येतो पांढरी सहावर आणि कोमल काळी चारवर. दोन्ही शेजारी. भजनांत भीमपलासाचे अभंग वाजवून बोटांना काळी चारची ओढ असते, आणि ती एकदा जरी दाबली गेली तरी पटदीप संपला. गाणारी निषादावर ठेहराव घेऊन उभी असते, त्या वेळी तर लपवायलाही जागा नाही.

आणि नेमकी पांढरी सहाच परवापासून घरघरतेय. खाऱ्या हवेनं पेटीतल्या पितळी सुरावर, म्हणजे थरथरणाऱ्या जिभेवर, हिरवा थर येतो, त्यात धूळ बसते, जीभ मोकळी हलत नाही. वरची फळी काढून जिभेखाली पातळ कोरा कागद सरकवायचा, हलक्या हातानं ओढून घ्यायचा, मग मऊ ब्रश. तेल अजिबात नाही. धूळ आणखी चिकटते. कानस तर शेवटचा उपाय, कारण टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि उत्सवाच्या दिवशी सूर लावत बसायला वेळ कुणाला? कागदानं भागलं नाही, तर काळी चार पट्टी धरून गाता का, असं सुमाताईंना विचारावं लागेल. ते विचारायला तबलजीला पुढे घालावं हे बरं.