उभ्या गाड्यांचं दुखणं : आमची वाटचाल

२००८ साली रबाळे एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला, तेव्हा आम्ही ट्रकचे एअर ब्रेक दुरुस्त करायचो. जवळच्या एका केमिकल कंपनीचा बंब पंपाची गळती घेऊन आला आणि त्यातून हे काम हाती आलं. आता ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांच्या अग्निशमन गाड्याच आमच्याकडे असतात.

या गाड्या पळून झिजत नाहीत, उभ्या राहून बिघडतात. मीटरवर किलोमीटर जेमतेम, म्हणून स्टोअरवाले विचारतात, "गाडी हलतच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?" अहो, पंप चालतो तो गाडी जागेवर ठेवूनच! इंजिन तासन्‌तास फिरतं, किलोमीटरचा आकडा मात्र ढिम्म. म्हणून आम्ही इंजिनाचे तास मोजतो. मे महिन्यात तर उभ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही. पंपाचं पाणी फिरवून इंजिन थंड ठेवणारी लाइन असते, तिची जाळी चोंदली की ऐन कामात गाडी तापते.

पावसाळ्यात खाडीची खारट हवा बॅटरीच्या टर्मिनलपासून लॉकरच्या बिजागरीपर्यंत सगळं खाते. एअर ब्रेकच्या हवेच्या टाकीचा कॉक सोडला की आधी हवेऐवजी तपकिरी पाणीच फसफसत येतं. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी आली असेल, तर डिफरन्शियलचा (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचा) प्लग उघडून बघतो. ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे पाणी शिरलं. मॉकड्रिलला खाडीचं पाणी ओढलं असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने पंप धुवायचा, यात तडजोड नाही.

१९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन दिन असतो. त्याआधी सगळ्यांना गाडीला रंग हवा असतो. आम्ही म्हणतो, आधी व्हॅक्यूम टेस्ट, म्हणजे पंप आणि पाणी ओढायच्या सक्शन पाइपात कुठून हवा शिरत नाही ना, ते बघायचं. सक्शनच्या जोडात एक वॉशर फाटलेलं असलं, तरी प्रायमर, म्हणजे पंपातली हवा काढून पाणी वर खेचणारा भाग, पाणी उचलत नाही. एक-दोन गिऱ्हाइकं यावरून तुटली, तुटू देत.

२०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, गाड्यांनी नवं काम आणलंय. नुसत्या आयडलिंगने सायलेन्सरमधला फिल्टर काजळीने भरतो आणि उन्हात उभ्या गाडीतलं डीईएफ (धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण) लवकर खराब होतं. त्यासाठी स्कॅनर घेतलाय. तो मुलगा हाताळतो, मी अजून कानाने इंजिन ऐकतो.